टायटॅनियाच्या फिल्मवर क्वांटम डॉट बसत नाहीत तेव्हा

सोमवारी क्वांटम डॉटच्या, म्हणजे अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या कणांच्या, द्रावणात बुडवलेली फिल्म मंगळवारी सकाळी बाहेर काढली, तर विटेसारखा नारिंगी-लाल रंग, काठापासून काठापर्यंत एकसारखा. गुरुवारी त्याच बाटलीतले डॉट घेतले, एकाच दिवशी भाजलेल्या फिल्मांपैकी दुसरी घेतली, तेवढेच तास ठेवली. शुक्रवारी निघाली ती फिकट गुलाबी, आणि मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा डाग.

माझ्या टेबलावर हे जवळजवळ दोन वर्षं आलटून पालटून घडत राहिलं. दर वेळी मी डॉटना दोष दिला आणि नवी बॅच केली. नवी बॅच एकदा बसली, दोनदा बसली, तिसऱ्यांदा पुन्हा तेच. डॉट बनवण्यात दोन-दोन दिवस जातात, कॅडमियम वाया जातं, आणि शेवटी कळतं की दोष डॉटमध्ये नव्हताच. म्हणून नवी बॅच करायच्या आधी काय तपासायचं ते सविस्तर लिहितो आहे. उदाहरण मी कॅडमियम सेलेनाइडचे डॉट आणि टायटॅनियम डायऑक्साइडची, म्हणजे टायटॅनियाची, सच्छिद्र फिल्म यांचंच घेतलंय, कारण माझे हात त्यात मुरलेत. झिंक ऑक्साइडच्या कांड्या आणि सोन्याचे पृष्ठभाग यांच्याबद्दल पुढे थोडं आहे.

अडचणीचं मूळ कुठे आहे ते आधी पाहू. काचेतल्या डॉटवर १९८१ साली एकिमोव्ह यांनी आणि द्रावणातल्या डॉटवर १९८३ साली ब्रूस यांनी काम केलं, पण एकसारख्या आकाराचे डॉट हाती आले ते १९९३ मध्ये बावेंडी यांच्या गरम द्रावणात इंजेक्शन देण्याच्या पद्धतीमुळे. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. आपण आजही तीच पद्धत वापरतो, आणि तिच्यातून निघणाऱ्या डॉटच्या अंगावर ओलिक ॲसिडसारख्या लांब शेपटीच्या रेणूंचं तेलकट आवरण असतं. हे डॉट टोल्यूइनमध्ये सुखाने राहतात. टायटॅनियाचा पृष्ठभाग मात्र हायड्रॉक्सिल गटांनी भरलेला, पाणी ओढून घेणारा. या दोघांना जोडायला मधे लिंकर लागतो. आपल्याकडे बहुतेक जण मर्कॅप्टोप्रोपिऑनिक ॲसिड, म्हणजे एमपीए, वापरतात. त्याचं थायॉलचं (गंधकाचं) टोक कॅडमियमला धरतं आणि कार्बोक्सिलचं (आम्लाचं) टोक टायटॅनियाला. २००६ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात कामत यांच्या गटाने असेच दोन टोकांचे रेणू वापरून कॅडमियम सेलेनाइडचे डॉट टायटॅनियाच्या फिल्मवर बसवले आणि त्यातून विद्युतप्रवाह काढून दाखवला. तेव्हापासून ही वाट मळलेली आहे.

वाटा खरं तर दोन आहेत. एकीत फिल्म आधी एमपीएमध्ये बुडवायची आणि मग टोल्यूइनमधल्या तेलकट डॉटमध्ये रात्रभर ठेवायची. दुसरीत डॉटवरचंच आवरण बदलायचं, एमपीए लावून डॉट पाण्यात आणायचे, आणि कोरी फिल्म त्या पाण्यात एक-दोन तास ठेवायची. दोन्हींत बिघाड होण्याच्या जागा वेगळ्या आहेत. मदत मागताना किंवा वहीत नोंदवताना कुठली वाट धरली होती हे पहिल्या ओळीत असू द्या.

उरलेलं द्रावण ओतून देऊ नका

फिल्म काढल्यावर खाली जे द्रावण उरतं ते आपण सवयीने कचऱ्याच्या बाटलीत ओततो. सगळी माहिती त्याच द्रावणात असते. फिल्म बुडवायच्या आधी यूव्ही-व्हिजवर, म्हणजे द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, एक स्पेक्ट्रम घ्या, काढल्यावर दुसरा घ्या, आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघा. टोल्यूइन किंवा डायक्लोरोमिथेन असेल तर भांडं झाकलेलं होतं ना याची खात्री करा. नाहीतर द्रावक उडून जातो, द्रावण दाट होतं आणि आकडे फसवतात.

दुसऱ्या स्पेक्ट्रममध्ये शोषणाच्या शिखराची उंची जशीच्या तशी असेल, तर डॉट फिल्मवर गेलेच नाहीत. दोष पृष्ठभागात किंवा लिंकरमध्ये शोधा. उंची घटली आहे पण फिल्मला रंग नाही, तर डॉट गुठळ्या होऊन तळाशी किंवा काचेच्या भिंतीला बसले. उंची घटली आहे, फिल्म वरून रंगली आहे, पण काच उलटी करून मागून पाहिलं तर पांढरी दिसते, तर छिद्रांची तोंडं वरच बुजली आणि आत काही गेलं नाही. काच उलटी करून बघायला एक सेकंद लागतो, तरी कितीतरी दिवस मला ते सुचलं नव्हतं.

आणखी एक जागा बघा, ७०० नॅनोमीटर. लहान कॅडमियम सेलेनाइड डॉट तिथे काहीच शोषत नाहीत. तरीही रेष शून्यावर न बसता वर उचललेली दिसली, तर ते प्रकाशाचं विखुरणं आहे, म्हणजे द्रावणात गुठळ्या आहेत. डोळ्यांना द्रावण अजून स्वच्छ दिसत असतं तेव्हाही ही रेष बोलायला लागते.

डॉट पुरेसे तरी आहेत का

हा हिशोब फार कमी जण करतात, म्हणून इथे मांडतो. सुमारे १० मायक्रोमीटर जाडीच्या सच्छिद्र टायटॅनिया फिल्मचं आतलं क्षेत्रफळ तिच्या वरच्या क्षेत्रफळाच्या साधारण हजार पट असतं. म्हणजे १ चौरस सेंटिमीटरच्या फिल्मला आत १००० चौरस सेंटिमीटर भिंत आहे. ३ नॅनोमीटरचा डॉट आवरणासकट साधारण ४ नॅनोमीटर बाय ४ नॅनोमीटर जागा अडवतो असं धरा. सगळी भिंत एका थराने झाकायची तर सुमारे १० नॅनोमोल डॉट लागतात.

आता तुमच्या बाटलीत किती आहेत ते काढू. कॅडमियम सेलेनाइडचं पहिलं शिखर ५५० नॅनोमीटरच्या आसपास असेल तर डॉट सुमारे ३ नॅनोमीटरचे, आणि त्यांचा मोलर शोषणांक त्या शिखरावर साधारण १ लाख १० हजार. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ॲब्सॉर्बन्स ०.५ आला तर द्रावण साधारण ४.५ मायक्रोमोलर. अशा ३ मिलिलिटरमध्ये १३ नॅनोमोल डॉट आले. पुरेसे आहेत. पण ॲब्सॉर्बन्स ०.१ असलेलं फिकट द्रावण घेतलंत तर त्यात तीन नॅनोमोलही नाहीत. सगळेच्या सगळे चिकटले तरी भिंतीचा पाव भाग जेमतेम झाकला जाईल. प्रत्यक्षात पूर्ण थर कुणाचाच बसत नाही. हे आकडे फक्त अपेक्षा कुठे ठेवायची ते सांगतात. माझ्याकडे मदत मागायला आलेल्या फिकट फिल्मांपैकी काहींचं उत्तर इथेच सापडलं. डॉट कमी होते, बाकी सगळं ठीक होतं.

पृष्ठभाग

गुरुवारच्या फिल्मकडे परत येतो. सोमवारची फिल्म फर्नेसमधून काढून कोमट असतानाच बुडवली होती. गुरुवारची तीन दिवस प्लास्टिकच्या डबीत होती. या फरकाकडे मी लक्ष दिलं नव्हतं, कारण डबी बंद होती आणि फिल्म स्वच्छ दिसत होती.

खात्री करायची म्हणून त्याच डबीतली तिसरी फिल्म घेतली आणि हिऱ्याच्या कटरने काच मधोमध चिरली. एक अर्धुक ४५० अंशांवर अर्धा तास पुन्हा भाजलं, ६० अंशांपर्यंत निवू दिलं आणि थेट एमपीएच्या द्रावणात सोडलं. दुसरं अर्धुक डबीतून तसंच सोडलं. पुढे दोन्ही अर्धुकं एकाच भांड्यात, एकाच डॉटमध्ये. सकाळी भाजलेला तुकडा लाल, न भाजलेला गुलाबी. दोन्ही शेजारी ठेवले तर एकाच फिल्मचे तुकडे आहेत यावर विश्वास बसेना.

टायटॅनिया हवेतले सेंद्रिय रेणू सतत गोळा करत असतो. ज्या खोलीत टोल्यूइन, पंपाचं तेल, व्हॅक्यूम ग्रीस आहे तिथे तर अधिकच. काही दिवसांत पृष्ठभागाचा पाण्याशी असलेला स्नेह कमी होतो आणि कार्बोक्सिलला धरायला जागा उरत नाहीत. तपासायची रीत सोपी आहे. काठावर पाण्याचा एक थेंब सोडा. ताज्या फिल्मवर तो टेकताक्षणी पसरतो आणि आत शोषला जातो. जुन्या फिल्मवर तो अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोल नसला तरी क्षणभर घुमटासारखा उभा राहतो. थेंब उभा राहिला की फिल्म पुन्हा भाजा. भाजणं शक्य नसेल, म्हणजे आधार प्लास्टिकचा असेल, तर अतिनील दिव्याखाली ठेवा. अतिनील प्रकाशात टायटॅनियावर पाणी पूर्ण पसरतं हे जपानमध्ये फुजिशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं. आपल्याला त्याचाच उपयोग होतो.

डॉट बसलेली फिल्म मात्र कधीही भाजू नका. कॅडमियम आणि सेलेनियमची वाफ श्वासात घेण्याची वस्तू नाही.

मधल्या पांढऱ्या डागाचं कारण निराळं होतं. हवेचा बुडबुडा. कोरडी सच्छिद्र फिल्म आडवी आणि झपकन द्रावणात टाकली की छिद्रांतली हवा बाहेर निघून तिथेच चिकटून बसते. आता मी फिल्म आधी त्याच द्रावकाने ओली करतो, तिरकी धरून सावकाश सोडतो आणि भांड्यात उभी टेकवून ठेवतो, रंगायची बाजू भिंतीपासून दूर. डाग पुन्हा पडला नाही.

लिंकर आणि धुणं

थायॉल हवेत हळूहळू एकमेकांना जोडून डायसल्फाइड होतात. एमपीएची बाटली वर्षभर उघडझाप होत राहिली की तिच्यातला कामाचा भाग घटतो. वासावरून अंदाज करू नका. जुन्या बाटलीलाही तोच उग्र वास येतो, आणि तो हुंगण्यासारखाही नाही. एल्मन अभिकर्मक (थायॉल मिळालं की पिवळा होणारा) मिळत असेल तर पीएच ८ च्या बफरमध्ये जुनं आणि नवं एमपीए सारख्याच प्रमाणात पातळ करून घाला आणि ४१२ नॅनोमीटरला दोन्हींचा पिवळेपणा मोजा. जुन्याचा आकडा नव्याच्या बराच खाली असेल तर बाटली बदला. आम्ही नवी बाटली आली की लहान कुप्यांत वाटून, नायट्रोजन भरून फ्रीजमध्ये ठेवतो.

पहिल्या वाटेने जाणाऱ्यांनी एमपीएतून काढलेली फिल्म नीट धुवायला हवी. छिद्रांत सुटं एमपीए राहिलं तर ते टोल्यूइनमधल्या डॉटवर जाऊन बसतं, डॉट टोल्यूइनमध्ये टिकत नाहीत आणि फिल्मच्या आसपास गाळ धरतात. मी दोनदा ॲसिटोनायट्राइलने आणि एकदा टोल्यूइनने धुतो, आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटं बुडवून ठेवतो. वरून धार सोडून छिद्रं धुतली जात नाहीत.

डॉट धुताना उलटी काळजी लागते. बॅच बनवल्यावर सुटं ओलिक ॲसिड भरपूर उरलेलं असतं, आणि ओलिक ॲसिडलाही कार्बोक्सिलचं टोक आहे. ते टायटॅनियाच्या त्याच जागा धरतं ज्या आपण एमपीएसाठी राखल्यात, आणि शेपटी बाहेर काढून भिंत तेलकट करतं. मिथेनॉल किंवा ॲसिटोन घालून डॉट खाली बसवायचे, सेंट्रिफ्यूज करायचे, वरचं ओतायचं, पुन्हा टोल्यूइनमध्ये विरघळवायचे. दोन फेऱ्या बहुतेक वेळा पुरतात. चौथ्या-पाचव्या फेरीत डॉटचं स्वतःचं आवरणच सुटायला लागतं आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. माझा इशारा असा, की खाली बसलेला गोळा टोल्यूइनमध्ये हलवताच स्वच्छ विरघळला पाहिजे. तो कुरकुर करायला लागला, जरा गढूळ राहिला, की पुढची फेरी नको.

दुसऱ्या वाटेत पीएच सांभाळावा लागतो. एमपीए लावलेले डॉट पाण्यात टिकतात ते कार्बोक्सिलवरच्या ऋण प्रभारामुळे. मी पीएच १० च्या आसपास ठेवतो. तो ५ च्या खाली घसरला तर प्रभार जातो आणि डॉट गाळ होऊन बसतात. फार वर नेला तर टायटॅनियाही ठळकपणे ऋण होतो, कारण त्याचा प्रभार पीएच ६ च्या आसपास शून्य असतो, आणि दोघं एकमेकांना ढकलतात. सुटं एमपीए इथेही अडथळा आहे. ॲसिटोनने डॉट खाली बसवून, ताज्या पाण्यात घेऊन, पीएच पुन्हा लावून मग फिल्म बुडवा.

वरून रंग, आतून कोरं

ही तक्रार नॅनोट्यूबवर काम करणाऱ्यांकडून जास्त येते. टायटॅनियमच्या पत्र्यावर अमोनियम फ्लोराइड घातलेल्या एथिलीन ग्लायकॉलमध्ये ॲनोडायझिंग करून वाढवलेल्या नळ्या बघायला सुंदर असतात, पण पुष्कळदा त्यांच्या तोंडांवर तुटलेल्या भिंतींचा गवतासारखा थर पडलेला असतो. डॉट त्याच गवतात अडकतात. भाजण्याआधी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये थोडा वेळ धरून तो थर काढा, मग सूक्ष्मदर्शकाखाली तोंडं उघडी दिसतात का बघा. आणि नळ्या ४५० अंशांवर भाजून ॲनाटेज (टायटॅनियाचं एक स्फटिकरूप) केल्याशिवाय डॉट लावू नका. ॲनोडायझिंगनंतर त्या अस्फटिक असतात आणि इलेक्ट्रॉन नीट वाहून नेत नाहीत.

गवत काढूनही आत जात नसेल तर डॉट बाहेर बनवून आत ढकलण्याऐवजी आतच वाढवा. सिलार पद्धत, म्हणजे फिल्म आळीपाळीने दोन आयनांच्या द्रावणांत बुडवून थरावर थर वाढवणं, त्यासाठीच आहे, आणि ती महाराष्ट्रात चांगली रुजलेली आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात लोखंडे आणि पठाण यांनी या पद्धतीवर लिहिलेला २००४ चा आढावा आजही नव्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा दिला जातो. कॅडमियमच्या क्षाराचं मिथेनॉलमधलं द्रावण, धुण्याचं भांडं, सोडियम सल्फाइडचं द्रावण, पुन्हा धुण्याचं भांडं, प्रत्येकी एक मिनिट. आयन डॉटपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे ते नळीच्या तळापर्यंत पोचतात. फिल्म आधी फिकट लिंबोणी, मग हळदीसारखी, मग केशरी होत जाते.

सिलारमध्येही वारंवार येणारी एक अडचण आहे. चार-पाच फेऱ्यांनंतर सल्फाइडचं भांडं पिवळं पडतं आणि फिल्मवर पुसलं की निघणारी पावडर बसते. धुणं कमी पडल्याची ती खूण. छिद्रांतलं सुटं कॅडमियम सल्फाइडच्या भांड्यात जाऊन तिथेच गाळ करतं. धुण्याचा वेळ दुप्पट करा, धुण्याचा मिथेनॉल दर तीन फेऱ्यांनी बदला. याची किंमत अशी, की सिलारने वाढलेले कण एका मापाचे नसतात, आणि शोषणाचं शिखर पसरट येतं. नेमका आकार हवा असेल तर बाहेर बनवलेल्या डॉटना पर्याय नाही.

झिंक ऑक्साइडच्या कांड्यांवर डॉट लावणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण ती ठळक लक्षात ठेवा. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं. एमपीए आम्ल आहे. रात्रभर एमपीएमध्ये ठेवलेल्या कांड्या सकाळी टोकाला झिजलेल्या किंवा अर्ध्या झालेल्या दिसल्या तर नवल नाही. एमपीए आधी सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करा, वेळ रात्रभरावरून काही मिनिटांवर आणा. फार तीव्र अल्कलीतही झिंक ऑक्साइड विरघळतं, त्यामुळे टायटॅनियासाठी वापरलेला पीएच डोळे झाकून इथे लावू नका.

रंग आला, पण चमक गेली

डॉट बसले, रंग आला, आणि अतिनील दिव्याखाली धरल्यावर फिल्म अंधारी. हे पाहून पुष्कळ जण घाबरतात. टायटॅनियावर हे घडायलाच हवं. डॉटमधला उत्तेजित इलेक्ट्रॉन टायटॅनियात उडी घेतो, म्हणून तो प्रकाश देऊन खाली येत नाही. उलट टायटॅनियावर बसलेले डॉट झगझगीत चमकत असतील तर मला काळजी वाटते, कारण मग मधे लांब आवरण राहिलंय आणि इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाहीये.

पण चमक जाण्याचं कारण डॉट खराब होणं हेही असू शकतं. दोन्हींतला फरक ओळखायला तीच प्रक्रिया झिर्कोनियाच्या (झिर्कोनियम डायऑक्साइडच्या) सच्छिद्र फिल्मवर करा. झिर्कोनियाचा वाहक पट्टा, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून वाहू शकतात ती ऊर्जेची पातळी, इतका वर असतो की डॉटमधला इलेक्ट्रॉन तिथे चढू शकत नाही. झिर्कोनियावर चमक टिकली आणि टायटॅनियावर गेली, तर इलेक्ट्रॉन खरोखर पलीकडे जातो आहे. दोन्हीकडे गेली, तर डॉटच्या पृष्ठभागावर इजा झाली आहे. तेव्हा आवरण बदलण्याची पायरी तपासा आणि ती उजेडात तर केली नाही ना ते बघा. कॅडमियम सेलेनाइड प्रकाशात स्वतःवरच्या थायॉलचं ऑक्सिडीकरण घडवून आणतं आणि आवरण गळून पडतं. आमच्याकडे ही पायरी भांड्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळूनच होते.

अशा फिल्मचा सौर सेल जोडल्यावर प्रवाह मिनिटभरात पडत असेल तर इलेक्ट्रोलाइट बघा. रंगद्रव्याच्या सेलमधला आयोडाइडचा इलेक्ट्रोलाइट कॅडमियम सल्फाइड आणि सेलेनाइडला खातो. पॉलिसल्फाइड वापरा, आणि समोरच्या इलेक्ट्रोडला प्लॅटिनमऐवजी पितळेच्या पत्र्यावर तयार केलेलं कॉपर सल्फाइड. सल्फाइडमुळे प्लॅटिनम निकामी होतं. पितळ गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवलं की पृष्ठभागावरचं जस्त निघून तांबं उरतं, आणि पॉलिसल्फाइडचा थेंब लागताच ते बघता बघता काळं होतं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये पत्रा भरपूर पाण्याने धुवा आणि सगळं फ्यूम हूडमध्ये करा. ॲसिड आणि सल्फाइड एकत्र आले की हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि तो जीवघेणा आहे. कचऱ्याच्या बाटल्याही वेगळ्याच हव्यात. सल्फाइड-सेलेनाइडच्या बाटलीत ॲसिड कधीच नाही, आणि कॅडमियमचा थेंबही बेसिनमध्ये नाही.

शेवटी डॉटवर झिंक सल्फाइडचं पातळ पांघरूण घाला. ०.१ मोलर झिंक ॲसिटेट आणि ०.१ मोलर सोडियम सल्फाइड, प्रत्येकी एक मिनिट, दोन फेऱ्या. टायटॅनियात पोचलेले इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोलाइटकडे परत गळतात ते याने कमी होतं, आणि डॉट टिकतातही जास्त.

सोन्या-चांदीच्या नॅनोरचनांवर गणित उलटं आहे. तिथे बहुधा चमक वाढवायची असते, आणि डॉट धातूला अगदी लगटून बसला तर त्याची ऊर्जा धातू गिळून टाकतो. मधे काही नॅनोमीटरचं अंतर लागतं. सिलिकाचा पातळ थर द्या, आणि ५, १०, १५ नॅनोमीटर अशा तीन जाडींवर करून बघा. एका जाडीवर अंधार दिसला म्हणून प्रयोग सोडू नका.

गुठळ्या, पाणी आणि साक्षी फिल्म

गुठळ्यांचा विषय शेवटी ठेवला, कारण तो पकडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाण्यातले डॉट दोन आठवडे व्यवस्थित बसायचे आणि मग आठवडाभर तळाशी गाळ. डॉट तेच, एमपीए नवं, फिल्म ताजी भाजलेली, पीएच मोजलेला.

तोपर्यंत मी प्रत्येक बॅचबरोबर एक साक्षी फिल्म ठेवायला लागलो होतो. त्या बॅचच्या फिल्मांबरोबर त्याच दिवशी भाजलेली एक फिल्म, दर आठवड्याला त्याच राखून ठेवलेल्या जुन्या डॉटमध्ये बुडवायची. जुने डॉट फ्रीजमध्ये, टोल्यूइनमध्ये, अंधारात. टोल्यूइनमधली साक्षी फिल्म दर आठवड्याला चांगली रंगायची, पाण्यातली फिल्म मात्र बिघडायची. म्हणजे भट्टी, फिल्म आणि डॉट तिन्ही सुटले. उरलं पाणी.

मापक लावलं तर शुद्ध पाण्याच्या यंत्रातून येणारं पाणी अतिशुद्ध पाण्याच्या १८.२ मेगाओम-सेंटिमीटर रोधकतेच्या जवळपासही नव्हतं. यंत्रातलं आयन पकडणारं रेझिन संपलं होतं, बदललं जायचं, काही दिवस चालायचं, पुन्हा संपायचं. आमचं नळाचं पाणी बोअरचं आणि जड आहे, किटलीला पांढरा थर धरतो तसलं. त्यातलं कॅल्शियम दोन धन प्रभारांचं. एका डॉटवरचं कार्बोक्सिल एका हाताने आणि शेजारच्या डॉटवरचं दुसऱ्या हाताने धरून ते डॉटना एकमेकांना बांधतं. थोडंसं कॅल्शियमही पुरतं.

आता कुठलंही पाणी वापरण्याआधी मी १ मिलिलिटर पाण्यात डॉटचे काही थेंब सोडतो, पीएच लावतो, अर्धा तास अंधारात ठेवतो आणि यूव्ही-व्हिजवर ७०० नॅनोमीटरची रेष बघतो. रेष सपाट असेल तर ते पाणी बॅचमध्ये जातं. उचललेली असेल तर कॅन परत, आणि वहीत त्या तारखेपुढे रेझिन असं लिहून ठेवतो.